कात्रीने कोपरा कापला की तारीख कचऱ्यात

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात केळीचा भाव, कापसाचा भाव, तापीचं पाणी, भुसावळला थांबणाऱ्या न थांबणाऱ्या गाड्या, सगळ्यावर पत्रं येतात आणि यायलाच पाहिजेत, पण स्वयंपाकघरात दिवसभर हातात असणारी मसाल्याची पाकिटं, लोणच्याच्या बरण्या, सॉसच्या पुड्या यांच्यावर कोणी लिहिलेलं मी तरी वाचलं नाही. म्हणून लिहितेय. माझी अमळनेरात मेस आहे, कॉलेजची पोरंपोरी आणि काही नोकरीवाले डबा घेतात, त्यामुळे तिखट, हळद, धना पावडर, हिंग, मीठ, लोणचं, सॉस हे सगळं आमच्याकडे घरच्यापेक्षा कितीतरी जास्त लागतं आणि त्यांच्या पॅकिंगचा त्रासही तेवढाच जास्त होतो.

सगळ्यात मोठा राग आहे तो तारखेचा. मसाल्याचं पाकीट हातात घेऊन बघा, वरची जी दाबून चिकटवलेली पट्टी असते ना तिच्यावर किंवा तिच्या अगदी खाली पॅकिंगची तारीख, बॅच नंबर, किंमत हे सगळं छापलेलं असतं, आणि तिथेच कात्रीचं चित्र काढून तुटक रेघ मारलेली असते की इथून कापा. आता बाई तिथूनच कापणार ना, कंपनीनेच सांगितलंय. कापलं की तारीख गेली कचऱ्याच्या डब्यात. राहिलं काय, तर अर्धं वापरलेलं पाकीट, त्याला रबर लावलेलं, आणि ते कधीचं आहे हे सांगणारं त्याच्यावर काहीच नाही. महिनाभराने ते पाकीट डब्याच्या तळाशी सापडतं, वास घेऊन बघायचा, रंग बघायचा, आणि ठरवायचं की टाकायचं की वापरायचं. घरी एक वेळ चालेल पण मी दुसऱ्यांच्या पोरांना जेवू घालते, मला वासावर भागत नाही.

बरं ज्या पाकिटावर तारीख मधोमध असते तिथे दुसरी गंमत, लाल चकचकीत पाकिटावर काळ्या बारीक बारीक ठिपक्यांनी आकडे छापलेले असतात. तिखटाचं पाकीट लाल, काळ्या मसाल्याचं पाकीट चॉकलेटी, त्याच्यावर काळे ठिपके, कोणाला दिसणार? वर ते ठिपके इतके कच्चे असतात की तेलाचा अंगठा फिरला की 3 चा 8 होतो आणि दोनदा फिरला की सगळंच साफ. फोडणी द्यायच्या वेळी कोणाचा अंगठा कोरडा असतो मला सांगा. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी त्या पाकीट खिडकीपाशी नेतात, तिरपं करतात, डोळ्यापाशी धरतात, लांब धरतात आणि शेवटी माझ्याकडे देतात, "यावर काय लिखेल शे, माले दिसत नही." मलाही दिसत नाही. मग मोबाईलने फोटो काढून तो मोठा करून बघायचा. धन्याच्या पावडरीची तारीख बघायला कॅमेरा लागावा हे बरोबर नाही.

आणि तारीख सापडली तरी काम संपत नाही कारण बऱ्याच वेळा शेवटची तारीख सरळ दिलेलीच नसते, "पॅकिंगपासून अमुक महिन्यांपर्यंत उत्तम" असं एका बाजूला, पॅकिंग कधी झालं ते "वर पहा", वर पाहिलं तर वर कापून टाकलेलं. 

मी जरा नियम शोधून वाचले तर असं दिसलं की हे सगळं आधीच लिहून ठेवलेलं आहे. अन्नाच्या लेबलचे केंद्राचे नियम सांगतात की लेबलवरची माहिती स्पष्ट, ठळक, सहज वाचता येईल अशी आणि पुसली जाणार नाही अशी पाहिजे. २०११ चे पॅकबंद वस्तूंचे वजनमापाचे नियम आहेत, त्यात म्हटलंय की किमतीचे आणि वजनाचे आकडे मागच्या रंगावर उठून दिसले पाहिजेत. म्हणजे लाल पाकिटावर काळे ठिपके देऊन नियम कसा पाळला जातो हे मला समजत नाही. त्याच नियमात अक्षराची उंची १ मिलिमीटरपेक्षा कमी नको असंही आहे. १ मिलिमीटर म्हणजे किती ते पट्टी घेऊन वहीवर बघा, मोहरीच्या दाण्याएवढंही नाही, आणि कंपन्या बरोबर तेवढंच करतात, त्याच्यावर एक केस वाढवत नाहीत. पुढच्या बाजूला मात्र ताटाचा फोटो, वाफा, मिरच्या आणि कंपनीचं नाव हातभर. जागा नाही असं कोणी म्हणूच नये, जागा भरपूर आहे, ती कशाला द्यायची हे त्यांनी ठरवलंय.

भाषेचंही तसंच. नियमाने लेबल हिंदीत देवनागरीत किंवा इंग्रजीत चालतं, त्याच्या जोडीला दुसरी भाषा टाकायला कोणाची मनाई नाही. मनाई नाही तरी टाकत नाहीत. आमच्याकडे भाजी निवडायला, पोळ्या लाटायला ज्या मावशी येतात त्यांना मराठी व्यवस्थित वाचता येतं, रोज तुमचा पेपर वाचतात, पण इंग्रजी पाकिटावरचं "कोरड्या जागी ठेवा, ओला चमचा घालू नका" त्यांच्या उपयोगाचं नाही. पाकीट रोज कोण हाताळतं, त्या हाताळतात. मुंबई पुण्यात जाहिरात मराठीत लागते, टीव्हीवर मराठीत बोलतात, आणि सूचना द्यायची वेळ आली की मराठी संपते.

काही लोक म्हणतील की कशाला पाकिटं आणता, खान्देशातल्या बाया ना तुम्ही, काळा मसाला घरी करा. करतोच की. उन्हाळ्यात मिरची, धने, खोबरं, दगडफूल, नागकेशर, बदामफूल, मसाला वेलदोडा, जायपत्री, तमालपत्र सगळं वेगवेगळं भाजून तळून कांडपाला देतो, नंदुरबार दोंडाईचाकडची मिरची आणतो, तिकडे गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत घातलेली असते तेव्हा रस्त्यावरूनच नाकात जाते. पण मेसला वर्षभर सगळंच घरचं पुरत नाही. आणि नोकरी करणारी बाई, शिकायला एकटा राहणारा पोरगा, म्हातारं जोडपं, यांनी कांडपाच्या रांगेत उभं राहायचं का? शिवाय दळलेला मसाला सुटा विकायला कायद्यानेच बंदी आहे, तो पॅक करूनच विकायचा, भेसळ होऊ नये म्हणून, आणि ते योग्यच आहे. पण मग आम्हाला पाकिटाकडे कायद्यानेच पाठवलंय तर ते पाकीट उघडता आलं पाहिजे आणि वाचता आलं पाहिजे, एवढं बघायची जबाबदारी पण कोणावर तरी आहे ना.

उघडायचं सांगते. बाणाचं चित्र असतं, इथे फाडा लिहिलेलं असतं, पण फाडायला जी बारीक खाच पाडायची असते ती पाडलेलीच नसते, किंवा बाण एका जागी आणि खाच दोन बोटं सोडून. कोरड्या हाताने जोर लावला तरी फाटत नाही, मग माणूस दात लावतो, आणि मग ते एकदम उभं फाटतं ते थेट खालपर्यंत आणि अर्धं तिखट ओट्यावर, अर्धं डोळ्यात. माझ्याकडे एका मावशींच्या डोळ्यात असंच तिखट गेलं, पाणी मारून मारून बिचारीचा जीव अर्धा झाला, दुपारपर्यंत डोळा उघडत नव्हता. तेव्हापासून ओट्याशेजारी खिळ्याला कात्री टांगलेली आहे आणि पाकीट दाताने फोडायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे. आणि कात्री लावली की पुन्हा तारीख कापली जाते, ते वर सांगितलंच.

सॉसच्या पुड्यांचं तर विचारूच नका. वडापाव, कचोरी, सामोसा, कुठेही गेलं की त्या चपट्या पुड्या हातात देतात. एका हातात गरम कागद, दुसऱ्या हातात पुडी, ती फाडायची कशाने? आणि फाटली की सॉस सरळ शर्टावर. शाळेतली पोरं त्या दातानेच फोडतात, आणि त्या पुड्या दुकानात कुठे ठेवलेल्या होत्या, किती हातांतून आल्या कोणाला माहीत. १० ग्रॅमपर्यंतच्या अशा पुड्यांना वजनमापाच्या नियमातून सूट आहे, आणि पाकिटाची जागा १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर त्यात काय काय घातलंय त्याची यादी पुडीवर नसली तरी चालते, मोठ्या बॉक्सवर असली म्हणजे झालं. पण तो बॉक्स दुकानदाराकडे राहतो, खाणाऱ्याच्या हातात फक्त पुडी येते. मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, गाड्यावर उन्हात त्या पुड्या ठेवलेल्या असतात, काही फुगलेल्या दिसतात. फुगलेली पुडी घेऊ नका असं मी पोरांना सांगते आणि वाचकांनाही सांगते, आत काहीतरी आंबलेलं असू शकतं.

आणि रिकामी पुडी जाते कुठे? त्यात प्लास्टिकचे थर असतात, बऱ्याच वेळा मध्ये ॲल्युमिनियमचा थर असतो, हे थर सुटे होत नाहीत म्हणून भंगारवाला घेत नाही, रद्दीवाला घेत नाही. दुधाची पिशवी तरी घेतात, ही कोणीच घेत नाही. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरी नदीच्या पात्रात भरते, ती उठल्यावर वाळूत बघा, लाल लाल कोपरे सगळीकडे. कोपरा पूर्ण कापून टाकू नका, अर्धवट कापून पाकिटालाच राहू द्या, तो बारीक तुकडा झाडूला लागत नाही आणि थेट गटारीत जातो.

आता लोणचं. आपल्याकडे कैरीचं लोणचं चिनी मातीच्या बरणीत घालायचे, तोंडाला कपड्याचा दादरा बांधायचे, आणि ते कुठल्या वर्षाचं हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायचं. आता विकतच्या प्लास्टिक बरणीवर झाकणाखाली एक चंदेरी सील चिकटवलेलं असतं. ते सोलायला एवढीशी शेपटी ठेवतात, ती चिमटीत धरून ओढली की शेपटीच तुटून हातात येते, सील जागच्या जागी. मग सुरी खुपसायची, सील फाटतं, त्याच्या कडा बरणीच्या तोंडाला तशाच चिकटून राहतात, चमचा घातला की त्या कडांना मसाला लागतो, तिथेच वाळतो, त्याच्यावर झाकण नीट बसत नाही आणि आठ दिवसात बाहेरून तेलाचा ओघळ. लेबल कागदाचं असतं, ते तेल पितं आणि काळं पडून सुटून येतं. गेली माहिती.

पण याहून वाईट म्हणजे तारीख झाकणावर छापणं. मेसमध्ये आंब्याचं, लिंबाचं, मिरचीचं अशा बरण्या एकाच वेळी उघड्या असतात, रात्री सगळी झाकणं एकत्र धुतली जातात, सकाळी कोणाचं झाकण कोणाला लागलं ते देवाला ठाऊक, सगळी एकाच मापाची असतात. घरीसुद्धा हेच होणार. झाकण हा बरणीचा बदलता भाग आहे, त्याच्यावर तारीख छापून काय उपयोग? बरणीच्या अंगावर छापा ना, तळाशी छापा, तिथे तेल पोचत नाही, पुसली जात नाही. 

हिंगाबद्दल एक सांगायचं राहिलं तर चुकीचं होईल. आपण वापरतो तो बांधणीचा हिंग, म्हणजे शुद्ध हिंगात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी ते पीठ गव्हाचं असतं. माझ्याकडे डबा घेणाऱ्या एका मुलीला गहू चालत नाही, डॉक्टरांनी बंद केलाय, तिच्यासाठी ज्वारीची भाकरी वेगळी करते, पण फोडणीतला हिंग कोणत्या पिठाचा आहे ते त्या छोट्या डबीवर वाचायला मला बाहेर उन्हात जावं लागतं, आणि घडी पडलेल्या लेबलच्या जोडावर नेमकं तेच अक्षर दबलेलं. एखाद्याच्या पोटाचा प्रश्न त्या १ मिलिमीटरच्या अक्षरावर अवलंबून असतो, कंपनीला एवढं तरी कळायला पाहिजे. 

पावसाळ्यात मिठाच्या डबीची भोकं बुजतात, तांदळाचे दाणे टाकतो, चालतं तसं. ते हवेचं आहे, त्यात कंपनीला दोष नाही. पण मिठाचं पाकीट एकदा कापलं की पुन्हा बंद करायची काहीच सोय नसते याचा दोष मात्र आहे, सुक्यामेव्याच्या पाकिटाला दाबून बंद होणारी पट्टी देतात, मिठाला आणि हळदीला का नाही? सगळ्यात जास्त ओल त्यांनाच लागते.

पार्सलचंही दोन ओळीत लिहिते. शेवभाजीचं पार्सल आणलं की उकळता रस्सा पातळ पिशवीत, वर गाठ अशी मारलेली की सुटतच नाही, सुरीने भोक पाडायचं आणि रस्सा मनगटावर. चटणीच्या पिशवीला तर काही जण स्टेपलरची पिन मारतात. ती पिन चटणीत पडली आणि पोराच्या घशात गेली तर? हॉटेलवाल्या भावांना माझी हात जोडून विनंती आहे, पिन बंद करा, दोरा बांधा, आणि गरम रस्सा प्लास्टिकमध्ये देऊ नका. २०१८ पासून महाराष्ट्रात पातळ पिशव्यांवर बंदी आहे तरी त्या आमच्या बाजारात रोज दिसतात. गिऱ्हाइकांनीही घरून डबा न्यावा, आमच्याकडे डबा घेऊन आलेल्याला मी रस्सा एक पळी जास्त घालते.

एक चांगलं उदाहरणही सांगते. इथल्या बचत गटाच्या बाया उडदाचे पापड, बिबडे, काळा मसाला विकतात. साधी पारदर्शक पिशवी, मधोमध पांढरा कागद, त्याच्यावर मराठीत नाव, वजन, आणि तारीख पेनाने लिहिलेली, निळ्या शाईत, ठसठशीत. सासूबाई चष्म्याशिवाय वाचतात. पिशवी कुठूनही कापा, तारीख जागेवर राहते. त्यांचं पॅकिंग पातळ असतं, खोबऱ्याचं तेल बाहेर येतं, ते त्यांनी सुधारावं असं मी त्यांना सांगितलंय आणि त्यांनी जाड पिशव्या आणल्याही. घरात बसून पॅकिंग करणाऱ्या बायांना जे जमतं ते कोट्यवधीची मशिनं असलेल्यांना जमत नाही असं कसं म्हणायचं? करायचं मनात नाही एवढाच त्याचा अर्थ.

संपादक साहेब, मला पाहिजे ते फार नाही. तारीख आणि किंमत पाकिटाच्या मधल्या भागावर पांढऱ्या चौकोनात छापा, कापायच्या पट्टीवर नको. बरणीची तारीख बरणीवर, झाकणावर नको. शेवटची तारीख सरळ महिना आणि वर्ष लिहून द्या, हिशोब करायला लावू नका. फाडायची खाच खरोखर पाडा आणि ती ओल्या हाताने फाटते का ते कारखान्यात कोणीतरी हात ओला करून बघा. सॉसच्या पुडीवरही तारीख वाचता यावी. साठवायची सूचना मराठीतही असावी.

तुमच्या प्रतिनिधीने जळगाव आणि धुळ्याच्या अन्न व औषध प्रशासनाला आणि वजनमापवाल्यांना एवढं विचारावं की न दिसणाऱ्या आणि पुसल्या जाणाऱ्या तारखेबद्दल त्यांनी कधी कोणाला नोटीस दिली आहे का, दिली असेल तर छापा, नसेल दिली तर तेही छापा. कंपनीच्या तक्रार नंबरवर मी फोन केला होता, तिथल्या मुलीने आधी बॅच नंबर विचारला, तो कापलेल्या कोपऱ्यावर होता, म्हणून तक्रार घेतलीच नाही. त्यामुळे वाचकांना सांगते, पाकीट कापायच्या आधी तारीख आणि बॅचचा फोटो काढून ठेवा, किंवा त्या कोपऱ्यालाच रबरात अडकवून ठेवा, आणि कंपनीने दाद दिली नाही तर ग्राहकांसाठीचा सरकारी हेल्पलाइन नंबर १९१५ आहे, तिथे नोंदवा.

आपली एक वाचक,
अमळनेर, जि. जळगाव